मामंजींची अ‍ॅल्युमिनियमची होडी

मी लग्न होऊन गिरगावातल्या वाडीत आले त्याच वर्षी मामंजी गोदीतल्या कारकुनीतून निवृत्त झाले आणि लष्कराच्या मोडीतल्या सामानातून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक होडी उचलून आणली. हातगाडीवरून ती वाडीत शिरली तेव्हा सासूबाईंनी गॅलरीतून एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. चौपाटीवर नेऊन पाण्यात सोडली तर बघता बघता आत घोट्यापर्यंत पाणी. मामंजी म्हणाले, "पत्रा चांगला आहे. पत्रे जोडणारे रिव्हेट तेवढे सैल झालेत." नंतर होडी वाडीतल्या विहिरीजवळ पालथी पडून राहिली.

मुंबईसह महाराष्ट्रासाठी शहर पेटलं तेव्हाची गोष्ट. हे सकाळी "दादरला ताईकडे जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले. दुपारी लालबाग-परळकडे गोळीबार झाल्याचं कानावर आलं, संध्याकाळी संचारबंदी लागली. हे परतले नाहीत. दुसऱ्या सकाळीही पत्ता नाही. सासूबाई देवापुढून उठेनात. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होते. मामंजी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. अचानक थांबले.

"सूनबाई, पदर खोच आणि खाली चल."

होडी आम्ही दोन बाकांवर सुलटी ठेवली. मी विहिरीचं पाणी शेंदून आत ओतलं आणि मामंजींनी खालून जिथे जिथे थेंब धरला तिथे तिथे खडूने गोल केले. मग पाणी काढून होडी कुशीवर कलती केली. मी बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, ते आत बसून दुसरं टोक हातोडीने ठोकणार. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. प्रत्येक ठोका माझ्या खांद्यापर्यंत यायचा.

"धरलाय?"

"धरलाय."

रस्त्यावर धावपळीचा आवाज आला की हातोडी आपोआप थांबायची. पावलं पुढे निघून गेली की पुन्हा सुरू. वरून एक शेजारी ओरडले, "अहो, बाहेर माणसं मरतायत आणि तुमची ही ठकठक!" मामंजींचे पुढचे ठोके फार जोरात पडले.

तेवढ्यात वाडीच्या दारातून एक पोलीस आत आला, हातात काठी. "हा आवाज कसला? नाक्यापर्यंत येतोय."

"होडी गळतेय," मामंजी आतूनच म्हणाले.

"कुठे पळून जायचंय?"

"कुठेही नाही. मुलगा घरी आलेला नाही, म्हणून ठोकतोय."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "दादरला काय आहे हो?" तो खाली बघत म्हणाला, "बाई, आम्ही सकाळपासून इथेच आहोत." आणि निघून गेला. तो खरं बोलला की त्याने काही लपवलं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

ठोकून झाल्यावर आतून एकेका रिव्हेटवर फटी बुजवायचं काळं, चिकट लुकण बोटाने भरलं. होडी पालथी घालून पत्रा काचकागदाने घासला. तळमजल्यावरच्या एकांनी शेंदरी रंगाचा डबा पुढे केला, पण मामंजींनी तो परत केला. त्यात शिसं असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खातं म्हणाले. त्यांच्याकडचा पिवळा अस्तराचा रंग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी लावायला घेतला. माझे पट्टे वेडेवाकडे येत होते.

दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली आणि हे चालत आले. पायात चपला नव्हत्या, डोळे अश्रुधुराने लाल झालेले. वन्संकडे हे गेलेच नव्हते. लालबागला मोर्चात होते, रात्र एका अनोळखी खोलीत काढलेली. माझ्या तोंडातून निघालं ते असं, "हात लावू नका, रंग ओला आहे." आणि मग तिथेच, विहिरीच्या काठावर बसून मी रडले. मामंजी ब्रश पाण्यात बुडवत राहिले, जणू तेलाचा रंग पाण्याने धुतला जाणार होता.

वरचा रंगही वाळला आणि शहर जरा निवलं, तेव्हा एका सकाळी आम्ही तिघं चौपाटीवरून पाण्यात गेलो. मी समुद्राकडे पाहिलंच नाही, तळाकडे पाहत होते. तळ कोरडा. मामंजी खुशीत वल्ही मारत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "बाबा, सत्याग्रहाच्या तुकडीत मी नाव दिलंय."

वल्ही थांबली. "आईला सांगितलंस?"

"तुम्हांला आधी सांगतोय."

होडी आपली वाऱ्याबरोबर सरकत होती. मी म्हटलं, "मग मीही जाणार. घरी बसून वाट बघणं मला पुन्हा जमायचं नाही."

मामंजी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग होडीचं तोंड किनाऱ्याकडे वळवून त्यांनी इतकी भराभर वल्ही मारली की त्यांना धाप लागली. ह्यांनी वल्ह्यांना हात घातला, तो त्यांनी झटकला.

हे तुरुंगात गेले. मी बायकांच्या मोर्चात गेले, पहिल्या दिवशी भीत भीत, पुढे सवयीने. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मामंजी मात्र प्रत्येक मोर्चाच्या दिवशी वाडीच्या दारात उभे राहायचे, आणि मी परत दिसले की काही न विचारता माझ्या आधी जिना चढून वर जायचे.