गंगूच्या ताटातला सत्यनारायण

सुधा, जरा जवळ सरकून बैस. आईच्या तेराव्याला आलीस आणि उंबऱ्यातूनच "मावशी, बस सुटंल" म्हणून पळालीस, असं कुणी करतं का? तुझी आई, आमची गंगू, गेल्याचा फोन आला तेव्हा खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, बघा, इथंही हीच पुढं...

आम्ही दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन घनसावंगीत आलो, भिंतीला भिंत लावून राह्यलो. रझाकारांचा दंगा शमून दोन-तीन वर्षं झाल्ती. एका मालकाची मोटार आमच्या गावाहून जालन्याला जायची. तुझे वडील डायव्हर, आमचे हे कंडक्टर. म्हंजे तिचा माणूस पुढं ऐटीत बसायचा अन् माझा मागं दांड्याला लटकायचा. पावसाळाभर काळ्या चिखलानं रस्ता बंद. तुळशीचं लग्न लागलं, वाट वाळली, की पहिली मोटार निघायची, आणि तिला एका सवाशिणीनं ओवाळायचं. जिच्या हातानं वर्ष बिनघोर गेलं, तिलाच पुढच्या साली बोलावणं. तीन वर्षं गंगूच. मालक तिला वहिनी म्हणायचे, मला 'कंडक्टरच्या घरचे'. ती नवं लुगडं नेसून बॉनेटला हळदकुंकू लावायची अन् माझ्या पोटात नुसती आग.

चौथ्या साली आमची माणसं मोटारीबरोबर जालन्याला होती. मोटार सकाळी सातला वेशीत येऊन लगेच सुटणार, असा निरोप माझ्याकडं आला. मी गंगूला आठ सांगितले. घरी सत्यनारायण आहे म्हणून तिचंच पितळी ताट मागून आणलं, आणि तिला बरं न्हाई असं वेशीत सांगून मी ओवाळलं. अंबडच्या अलीकडं ओढ्यात मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. आत वऱ्हाड होतं. नवरी उन्हात चालत गेली, मुहूर्त टळला.

चार दिवसांनी मालक गावात आले अन् वेशीत सगळ्यांदेखत विचारू लागले, ओवाळलं कुणी? बोटं माझ्याकडं वळली. अपशकुनी हाताची म्हणून डाग लागला की गावात हळदीकुंकवालासुद्धा कुणी बोलवत न्हाई. गंगू हातातली पिशवी खाली ठेवून पुढं आली.

"ताट माझं व्हतं मालक. हिचा नुसता हात. बोल लावायचा तर मला लावा."

पुढच्या साली मालकांनी दुसरीच सवाशीण बोलावली. मंग सरकारी मोटारी आल्या, मालकाची सर्व्हिस बंद पडली, ओवाळणंही गेलं. गंगूचा मान मी घालवला तो कायमचा. अन् गाव काय म्हणायचं? गंगूचं काळीज मोठं. माफ करण्यातही हीच पुढच्या सीटवर. मी त्यावरही जळले... अजून थोडी जळते. ताट परत द्यायला गेले तर हसून म्हणली, "राहू दे तुझ्याकडंच. सत्यनारायण व्हायचाय ना अजून?"

तो कधी झालाच न्हाई. ताट मात्र फळीवर आहे, दर सणाला चिंचेनं घासते. आता घालणार आहे सत्यनारायण, त्याच ताटात. पुढच्या पाटावर तू बस, मी मागं बसते. त्या दिवशी लवकर ये गं, आणि बस सुटंल म्हणून पळू नकोस.