थायरॉइडचा रिपोर्ट आला का?

ऐंशीच्या दशकात वाशीत एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या छोट्या लॅबमध्ये मी रक्त काढायचे. रक्त देताना माणसं गप्प असतात हो, रिपोर्टची वाट बघताना बोलतात! त्यात थायरॉइडचं रक्त बर्फात घालून खाडीपलीकडे मुंबईला जायचं, रिपोर्टला आठवडा लागायचा. किस्से साठणारच की!

*

कांबळे नावाचे एक क्लार्क. बायकोचं रक्त दिल्यापासून रोज संध्याकाळी हजर.

"आला?"

"सोमवारी येईल, सांगितलं ना!"

"घरी बसवत नाय, ऑफिसात लक्ष लागत नाय. इथं कसं, रिपोर्टच्या जवळ असल्यासारखं वाटतं."

"अहो, पण रिपोर्ट मुंबईत आहे!"

कांबळे ताडकन उठले. "पत्ता द्या!"

*

रिपोर्ट आला. टीएसएच वाढलेला. कांबळे भडकले, "थायरॉइड जास्त झालाय, आणि वर त्याच्याच गोळ्या देताय?"

डॉक्टरबाईंनी त्यांना खाली बसवलं. "टीएसएच थायरॉइड ग्रंथीतून नाही येत. तो मेंदूकडून येतो, थायरॉइडला 'काम कर' सांगायला. ती ऐकेना, की मेंदू आवाज चढवतो."

शेजारी बसलेल्या कांबळेवहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "आमच्याकडे पण असंच. फक्त आवाज ह्यांचा!"

*

एक शिक्षिका भराभर बारीक झाल्या. हात थरथरायचे, छातीत धडधड, झोप नाही. त्यांची थायरॉइड जास्तच काम करत होती. बिचाऱ्या रडत होत्या, आणि सोबतची मैत्रीण मला हळूच विचारते, "हे कशानं होतं हो? मला पण लग्नाआधी जरा बारीक व्हायचंय!"

*

एका फिटरचा रिपोर्ट नॉर्मल आला. "सुटलात!" मी म्हटलं.

तो मटकन बाकावर बसला. "मॅडम, मग मी एवढा दमतो कशानं? घरी काय सांगू?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "थायरॉइड नाही, एवढंच कळलंय. तुम्ही नाटक करताय असं नाही. चला, पुढचं शोधू."

*

जवळच्या पावणे गावची एक आजी सुनेला ओढतच घेऊन आली. "हिला बगा. सकाली उठत नाय, सदा थंडी वाजते, केस गलतान. निस्ती आलशी हाय!" सून मान खाली घालून उभी. चेहरा सुजलेला.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, ही आळशी नाही, आजारी आहे. थायरॉइड काम करत नाही हिची. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की हळूहळू तरतरीत होईल."

आजीला वाचता येत नव्हतं, तरी ती रिपोर्टकडे बघतच राहिली. मग पुढं आली आणि तिनं आपला हात माझ्यासमोर केला.

"माजं पन रगत घ्या."

"का आजी? तुम्हाला काय होतंय?"

"आता काय नाय होत. पन माजी सासू जन्मभर मना आलशीच बोलली."