कोपराची खूण

डार्बी हॉलिफिल्ड रोज पहाटे साडेपाचला मागच्या लोखंडी जिन्यावर बसून वडिलांना फोन करायची. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "पाणी कसं आहे, डॅडी?" दक्षिणेत नदीकाठच्या सखल डेल्टात त्यांची कॅटफिश माशांची तळी होती. तळ्यातला ऑक्सिजन रात्रभर उतरत जातो आणि उजाडायच्या सुमाराला सगळ्यात कमी होतो, म्हणून त्या वेळी ते मीटर घेऊन काठावर असायचे. ते आकडा सांगायचे. तीन. चार. एखाद्या दिवशी नुसतंच, "चाकं चालू ठेवलीत." पाण्यात हवा मिसळायला तळ्यांत यंत्राची चाकं बसवलेली होती. फोनमधून चाकांनी पाणी घुसळल्याचा आवाज येत राहायचा. तो पुरेसा ऐकून झाला की ती "बरं" म्हणायची, पुन्हा अंथरुणात शिरायची आणि आमच्याबरोबर साडेसातला उठायची.

हे मला माहीत आहे, कारण सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळाच्या, घरात तिसऱ्या मजल्यावर आमची खोली एकच होती. जिन्याचं दार करकरायचं. ती ते हळू लावायची, तरी मला जाग यायची.

डार्बी आमच्या घरात कशी आली, ही गोष्ट ती स्वतःच हौसेनं सांगायची. पहिल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निवडीच्या आठवड्यात, म्हणजे सोरोरिट्या नव्या मुली घेतात तेव्हा, ती बाकीच्या मुलींसारखीच उन्हातून त्यांच्या घरोघर फिरली. पाच घरांत वडील काय करतात हे विचारून झालं, आणि कॅटफिश म्हटल्यावर समोरच्या मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं पण डोळे दुसरीकडे गेले. आमच्या घरात अ‍ॅन्स्ली समोर आली. ती आमच्याहून वरच्या वर्गात होती. तिनं विचारलं, "मासे झोपतात का गं?" डार्बीनं सांगितलं की झोपतात, तळाच्या चिखलाशी, आणि थंडीत तर हलतसुद्धा नाहीत. ती सांगत असताना अ‍ॅन्स्लीनं तिचा कोपर हलकेच धरला. तेवढंच. संध्याकाळी डार्बीनं आपल्या पसंतीच्या यादीत आमचं नाव पहिलं लिहिलं.

पुढे अ‍ॅन्स्लीनं तिला आपली धाकटी म्हणून मागून घेतलं. थोरलीनं धाकटीला आठवडाभर निनावी भेटी पाठवायच्या आणि शेवटच्या दिवशी समोर यायचं, अशी आमच्यात रीत आहे. अ‍ॅन्स्ली समोर आली तेव्हा डार्बी रडली. वर्षभर सगळं नीट चाललं होतं. ती सभांना वेळेवर यायची, रविवारी छातीवर डाव्या बाजूला घराची पिन लावायची, आमच्या निम्म्या मुलींना रसायनशास्त्र तिनंच शिकवलं. ती दुःखी होती असं मी म्हणणार नाही. मला तसं दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी निवडीच्या आधी सराव सुरू झाला. आता आम्ही दाराच्या आतल्या बाजूला होतो. सकाळी नऊपासून टाळ्या, गाणी, आणि दार उघडल्याबरोबर चाळीस जणींनी एकदम हसायचं. जेवायला चीजचं सँडविच आणि गोड चहा, तोही उभ्यानं, कारण बसलं की कपडे चुरगळतात. निवडीची प्रमुख त्या वर्षी अ‍ॅन्स्लीच होती. तिनं आम्हाला बदली शिकवली. एकीनं मुलीशी पाच-सात मिनिटं बोलायचं, मग मागून दुसरीनं येऊन सहज बोलण्यात शिरायचं, पहिलीनं निघून आतल्या खोलीत जाऊन मुलीच्या फोटोखाली पसंतीचा आकडा लिहायचा. मुलगी क्षणभरही एकटी उभी राहता कामा नये. आमच्याकडे याहून मोठी नाचक्की नाही.

"आणि लवकर सुटायचं असेल," अ‍ॅन्स्ली म्हणाली, "तर मुलीचा कोपर धरायचा. प्रेमानं. मागच्या मुलीनं ते बघून लगेच पुढे व्हायचं."

तिनं ते करून दाखवलं. बोलता बोलता शेजारच्या मुलीचा कोपर धरला, मान किंचित कलती केली. फार सुंदर केलं. मुली हसल्या. डार्बीही हसली. तिनं फक्त एक विचारलं, की हे सगळ्यांनाच करायचं का.

"छे. जिच्यावर वेळ घालवायचा नाही तिलाच."

डार्बीनं पुढे विचारलं नाही, पण दुपारी ताटं धुताना अ‍ॅन्स्ली आपणहूनच बोलून गेली. मागच्या साली घराची गुणांची सरासरी घसरली होती, विद्यापीठाकडून पत्र आलं होतं, तेव्हा यादीवर ज्यांचे मार्क चांगले त्यांना घ्यायचं ठरलं. "तू तर देवासारखी आलीस," ती म्हणाली. तिला ते कौतुकच वाटत होतं.

डार्बी लगेच बदलली असं काही झालं नाही. ती सराव करत राहिली. पिन मात्र रात्री डबीत ठेवायच्याऐवजी साबणाच्या बशीत ठेवायला लागली. मी एकदा म्हटलं, ओली होईल. ती म्हणाली, "पितळच आहे." पिन सोन्याची होती. एके दिवशी जिन्यावरून आत येऊन तिनं मला झोपेतून उठवलं आणि विचारलं की मी इथं का आले. मी म्हटलं, आई याच घरात होती म्हणून. ती म्हणाली, "ते बरं असतं," आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्याच सुमारास वडिलांनी तिला सांगितलं की ओडमांची रेनी यंदा कॉलेजला येते आहे, निवडीतही उतरणार आहे, जरा लक्ष ठेव. ओडमांची तळी डार्बीच्या घरच्या तळ्यांना लागून. रेनीच्या आईनं डार्बीला पोहायला शिकवलं होतं. पण निवडीच्या काळात आम्ही निवडीला आलेल्या मुलींशी रस्त्यातसुद्धा बोलायचं नाही, असा नियम. दिवाणखान्यातली पाच मिनिटं, तेवढीच. आणि यादीवर रेनीच्या फोटोखाली आधीच लिहिलेलं होतं: शिफारसपत्र नाही, मार्क बेताचे, बदली लवकर. वाटणीत ती डार्बीकडे आली होती. डार्बीच्या मागे मी होते.

रेनी आत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि टाचेला पट्टी चिकटवलेली होती. डार्बीला बघून तिच्या जिवात जीव आला. तिनं लगेच घरच्या गोष्टी सुरू केल्या: बगळे फार झालेत, तिच्या वडिलांनी नवीन चाक घेतलं ते तिसऱ्या दिवशी बंद पडलं. मी सोफ्याच्या मागे तीन पावलांवर उभी होते. डार्बीचा उजवा हात स्वतःच्या मांडीखाली होता. बसायची ती पद्धत नव्हती.

सात मिनिटं झाली. दहा झाली. अ‍ॅन्स्लीनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी डार्बीच्या हाताकडे पाहत होते. खूण झाल्याशिवाय मध्ये शिरायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला शिरायचंही नव्हतं. मी अडकले म्हणून माझी पुढची मुलगी खिडकीशी एकटी राहिली. मग आणखी एक. त्या हातातले पाण्याचे कप न्याहाळत होत्या.

रेनीनं विचारलं, "यादीत मी तुमचं नाव पहिलं लिहू ना?"

डार्बी हळू बोलली, पण मला ऐकू आलं. "इथं तुला घेणार नाहीत, रेनी. आधीच ठरलंय. दुसरं कुठलंतरी लिही."

रेनी म्हणाली, "मग तू कशी आहेस इथं?"

"माझ्या मार्कांमुळं."

"आवडतं तुला?"

"सकाळी आवडतं. कुणी उठलेलं नसतं."

मग शेवटचं गाणं सुरू झालं आणि सगळ्या उठल्या.

त्या दुपारी अ‍ॅन्स्ली आमच्या खोलीत आली. ती ओरडली नाही. ती माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली की डार्बीनं सगळ्यांसमोर माफी मागावी, म्हणजे विषय संपला. "मी थोरली आहे तुझी. मी सांभाळून घेईन." ते खोटं नव्हतं. तिनं खरंच सांभाळून घेतलं असतं.

डार्बी खिडकीतल्या पंख्यासमोर उभी होती. तिनं विचारलं, "माझा कोपर धरलास, तेव्हा कंटाळली होतीस?"

अ‍ॅन्स्लीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "डार्बी, त्या दिवशी मी सत्तर जणींशी बोलले," ती म्हणाली. "मला तू त्या दिवशीची आठवतसुद्धा नाहीस."

"मासे झोपतात का, असं विचारलं होतंस."

"विचारलं असेन." अ‍ॅन्स्लीचे डोळे भरले होते. डार्बीचे नव्हते. तिनं मान डोलावली, जणू पहाटे फोनवर आकडा कळला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं घर सोडत असल्याचं चार ओळींचं पत्र लिहिलं आणि पिन पुसून पाकिटात घालून खाली देऊन आली. एकदा दीक्षा झाली की पुन्हा दुसऱ्या कुठल्याच घरात जाता येत नाही, हे पत्र घेणाऱ्या बाईंनी तिला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा "हो, मॅम" म्हणाली.

रेनीनं यादीत आमचंच नाव पहिलं लिहिलं. आम्ही तिला घेतलं नाही. आपण तिच्या बरोबरीला यावं हे डार्बीला नको होतं, असं रेनीनं घरी सांगितलं म्हणे, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दोन्ही कुटुंबांत धड बोलणं नव्हतं.

डार्बीनं गावाबाहेरच्या रस्त्यावर, धुलाईच्या दुकानावरची एक खोली घेतली. तिचं सामान तीन खोक्यांत मावलं. जड खोकं मी धरलं. जिन्याचं दार यावेळी तिनं हळू लावलं नाही, ते करकरलं. गाडीत खोकी ठेवून झाल्यावर काहीतरी बोलायला हवं असं मला वाटत होतं. अ‍ॅन्स्ली वरच्या खिडकीत होती. खाली येईल असं वाटलं, पण ती आली नाही.

डार्बी गाडीत बसली, मग काच खाली करून म्हणाली, "पंखा तुलाच ठेवलाय. बटण अडकतं, अंगठ्यानं जरा वर दाबून धर, मग चालतो."