आत्याचे बटाट्याचे दिवस

आमच्या आत्याला सतत काही ना काही होत असतं. पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसून तिने तीस वर्षं गावभरच्या तक्रारी लिहून घेतल्या. तिच्या तक्रारी मात्र घरात कुणी मनावर घेतल्या नाहीत. "झालं हिचं सुरू," म्हणत बाबा पेपर तोंडापुढे धरायचे. मीही काही वेगळे दिवे लावले नाहीत.

निवृत्त झाल्यावर तिने एक जाहिरात वाचली. जनुकं बदललेला बटाटा माणसांना बाधत नाही ना, हे एका संशोधन केंद्राला तपासायचं होतं. तीन महिने रोज तिथे जाऊन दोन उकडलेले बटाटे खायचे. निम्म्यांना नवा, निम्म्यांना साधा. कुणाला कोणता, ते शेवटी कळणार. आणि अंगात जे जे होईल ते वहीत लिहायचं. आत्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

"सव्वानऊ : पोट दोनदा गुरगुरले. दहा : डावा कान गरम. सव्वाअकरा : ढेकर, आवाज मध्यम."

तिथली तरुण डॉक्टर हे सगळं रोज वाचायची आणि वर विचारायची, "कान अजून गरम आहे का हो, काकू?" आत्या घरी यायची ती गुणगुणतच.

नियम एकच होता. गंभीर काही झालं, की बटाटा बंद आणि वहीही बंद.

सत्तराव्या दिवशी वहीत एवढंच होतं : "काही नाही."

डॉक्टर चरकली. "काकू, साधा ढेकरसुद्धा नाही?"

"ठणठणीत आहे मी," आत्या म्हणाली, टेबलाची कड घट्ट धरून.

डॉक्टरने तिला तिथेच आडवं करून तपासलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. सकाळपासून छातीत दुखत होतं; वही जाईल म्हणून बाईसाहेबांनी लिहिलं नव्हतं. हृदयविकाराचा झटका होता. थोडक्यात वाचली. केंद्राने कुणाला कोणता बटाटा याची यादी तिच्यापुरती उघडून पाहिली, तर सत्तर दिवस ती साधाच बटाटा खात होती.

ती घरी आल्यावर मी गोळ्या द्यायला गेलो. वही केंद्रातच राहिली होती.

"आता दुखलं तर कुणाला सांगायचं रे?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच चौकशी करावी तसं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खुर्ची ओढली. "मला सांग. कान कसा आहे?"

आत्या उशीला टेकून नीट बसली. "कुठला? डावा की उजवा?"

मी ऑफिसला दांडी मारली. ढेकरांपर्यंत पोचायलाच दुपार झाली.