अवधूत सरांच्या समुद्रातलं तण

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात अवधूत सरांनी जीवशास्त्राची शिकवणी सुरू केली. पुढे लातुरात डॉक्टर पिकवायचा हंगाम आला आणि शेडच्या जागी तीन मजले चढले. एवढ्या इमारतीला शोभेल असं काहीतरी हवं, म्हणून सरांनी ऑफिसात समुद्र आणला. मोठी काचेची टाकी, निळे दिवे, केशरी माशांची जोडी, जांभळी प्रवाळं. गल्लीत नळ आठवड्यानं यायचा. सर मात्र फिल्टरच्या पाण्याचे जार घेऊन त्यात मुंबईचं मीठ कालवायचे.

"लोक खारं पाणी गोड करतात," चंद्रप्रभाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही गोडं खारं करायलात."

एके दिवशी टाकीतल्या दगडावर तपकिरी झुपका उगवलेला दिसला. हे समुद्री तण म्हणजे मुळात एक प्राणी, तो शेजारच्या प्रवाळाला डंख करून मारतो, असं सरांनी नेटवर वाचलं आणि कात्रीनं त्याची खांडोळी केली. थोड्याच दिवसांत तुकड्यातुकड्यातून नवे झुपके निघाले.

"अहो, तुकड्यातून नवा जीव होतो, हे तुम्हीच शिकवता ना?"

"त्या धड्यावर एकच प्रश्न येतो," सर खेकसले.

मग नेटनं दुसरा उपाय सांगितला: प्रत्येक झुपक्याच्या तोंडावर सिरिंजनं चुन्याचा थेंब. पण थेंबावर भागवणं सरांच्या रक्तात नव्हतं. जादा तास, जादा टेस्ट, जादा रिझल्ट! त्यांनी पानटपरीवरून आणलेला चुन्याचा अख्खा डबा टाकीत ओतला. पाणी ताकासारखं झालं. संध्याकाळपर्यंत मासे उलटे तरंगले, प्रवाळं पांढरी पडली. सर त्या दिवशी जेवले नाहीत. केशरी जोडी त्यांनी स्वतःच्या हातानं कुंडीत पुरली, तेव्हा त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

तण मात्र दगडाच्या भेगेत अंग चोरून बसलं होतं. पाणी बदलताच ते बाहेर आलं आणि मोकळ्या रानात माजलं.

तेवढ्यात ॲडमिशन सुरू झाल्या. रिकामी टाकी बरी दिसली नसती, म्हणून सरांनी तण आणि दिवे तसेच ठेवले. रेणापूरचे ग्यानोबा लेकीला, सुकन्याला, घेऊन आले आणि टाकीपुढंच थबकले.

"लई दाट आलंय की, सर! बी कुठलं?"

"अंदमानचं," सर म्हणाले. "फार निगा राखावी लागते."

"मंग आमच्या पोरीची बी अशीच निगा राखा."

चंद्रप्रभाबाई तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. सरांनी गंभीर चेहऱ्यानं पावतीपुस्तक उघडलं.