काडी लावून पाहिलेला टायर

नवी गाडी देवीला दाखवून मी थेट टायरवाल्या चाचांकडे गेलो. पंधरा वर्षांची ओळख, तरी मला अजून ‘पावणं’च म्हणतात. त्यांनी ना गाडीचा रंग पाहिला, ना पेढा घेतला. चाकाशी उकिडवे बसले आणि टायरच्या नक्षीत आगपेटीतली काडी घालून खोली पाहिली.

“हलका टायर. कंपनीला मायलेज दाखवायचं असतंय, पावणं. तुमास्नी पावसात राधानगरीला जायाचं असतंय.”

मी चारही टायर बदलले. महिन्याने माझे काढलेले तेच टायर चाचांच्या जुनाट गाडीला दिसले आणि माझं डोकं फिरलं.

“मग तुम्हाला कसे चालतात हे?”

“बसा की. घरला सोडतो.”

पाऊस लागला होता. काटा तिशीच्या वर गेला नाही. एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला.

“टायर वाईट न्हाई, त्याला घाई सोसत न्हाई. तुमी पोरंबाळं घालून ऐंशीनं जाताय.”

घरी चहाला या म्हटलं, तर चाचा दारातल्या माझ्या गाडीशी भर पावसात उकिडवे बसलेले. हातात काडी.