मुक्ताच्या पायाचा फर्मा

कुवेत शहरातल्या मिरकाब भागात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली शत्रुघ्नचं चपलांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ऐरण, एक रापी, तीन आऱ्या, मेणाचा गोळा आणि बसायला पोतं. कोल्हापूरकडचा गडी, आखाती लढाई संपल्यावर ब्याण्णव साली इकडे आलेला. त्याच्याशी मराठीत बोलणारा इमारतीत मी एकटाच, आणि मीसुद्धा बुटाचा तळ झिजल्याशिवाय तिकडे फिरकत नसे. त्याची आता लाज वाटते.

फळीवर लाकडी फर्मे ओळीने मांडलेले असत. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, त्याच्यावर कातडं ताणून चप्पल बेततात. त्यातली एक जोडी मुक्ताची, त्याच्या मुलीची. ती सात वर्षांची असताना गावाहून निघायच्या आधी त्याने ती कोरली होती. दरवर्षी बायको पोरीचा पाय कागदावर ठेवून, कडेने पेन्सिल फिरवून तो कागद पाठवी. मग हा फर्म्यावर कातड्याची पट्टी ठोकून तो तेवढा वाढवी. पोर तिकडे वाढत होती, फर्मा इकडे. सत्त्याण्णवनंतर त्याला गावी जाताच आलं नाही. ज्याच्या नावावर व्हिसा होता तो कफील दुकान सोडून गेला, अकामा म्हणजे राहायचा परवाना संपला. एकदा बाहेर पडलं की परत येणं नाही, आणि घर तर याच्याच कमाईवर चाललेलं.

दोन हजार चार साली मुक्ताचं लग्न ठरलं. आपण नाही तर निदान आपल्या हातची चप्पल तिच्या पायात असावी, एवढंच त्याच्या मनात होतं. कागद आला. तो बघून शत्रुघ्न हसला.

"कारभारणीला पेन्सिल उभी धरायला येत न्हाई, साहेब. कलती धरती, मग पाय थोराड निघतोय. सूतभर तर मी दर साली कमी करतो. औंदा बोटभर करायला पाहिजे."

आम्ही इंजिनिअर लोक, कागदावरचं माप म्हणजे आम्हाला ब्रह्मवाक्य. मी म्हणालो, "अरे, एकोणीस वर्षांची झाली ती. कागद खरा असेल."

"माझी पोर मला ठावं हाय," तो म्हणाला आणि मापातून बोटभर कमी करून मोकळा झाला.

चप्पल देखणी झाली, लाल गोंड्याची, बारीक वेणीची. सुट्टीवर गावाकडे निघालेल्या, माझ्या कंपनीतल्या प्रसादच्या बॅगेतून मी ती पाठवली.

महिन्याने पाठवणीचा फोटो आला. मुक्ता गाडीपाशी उभी होती. पायात तीच चप्पल, आणि टाच बोटभर मागे, थेट मातीत टेकलेली.

शत्रुघ्नने फोटो डोळ्यांजवळ नेला. "तशीच चालली आसंल दिसभर," तो म्हणाला. "बोलली न्हाई कुणाला."

त्याने डब्यातून तो कागद काढून जमिनीवर पसरला आणि त्यावर मुक्ताचा फर्मा ठेवला. टाचेकडे पेन्सिलीच्या रेघेच्या आत बोटभर कागद मोकळा राहिला. त्या मोकळ्या जागेवरून तो कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसला.

"एवढी झाली व्हय ती," तो म्हणाला, आणि टाचेला ठोकायला पट्टी शोधू लागला.